तीन संत्र्यांविरुद्ध तक्रार

मी आयुष्यात पोलिसांत तक्रार एकदाच केली, आणि ती तीन संत्र्यांविरुद्ध. हसा, हसा, आमच्या नात्यात लग्नामुंजीला अजून मला हीच गोष्ट सांगायला लावतात, आणि मीही सांगतो, कारण मी नाही सांगितली तर बायको सांगते, आणि ती सांगते तेव्हा मी त्यात आणखी बावळट असतो.

मुळात मी मिरजेचा. वडील शाळेत कारकून, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज आमच्या ओट्यावर भरले जायचे, रेशनकार्डाचे, शिष्यवृत्तीचे, कसले कसले, आणि वडिलांचा एकच नियम, रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळा रकाना दिसला की साहेबाला अर्ज परत करायला निमित्त मिळतं, असं म्हणायचे. ते माझ्या इतकं अंगात भिनलं की पुढे अकाउंटंट झालो, सिंगापूरला आलो, पीआर म्हणजे इथला कायमचा रहिवासी झालो, तरी कुठलाही फॉर्म दिसला की माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो.

बुकित बातोकला नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. बाहेर लांबच लांब कॉरिडॉर, आणि शेजारच्या दारात टिओ आंटी, चिनी, सत्तरीच्या, एका लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर सकाळपासून बसलेल्या. वडील गेल्यावर मी आईला इकडे आणलं. मला वाटलं, हिचं कसं होणार, हिला मराठीशिवाय काही येत नाही. आणि काय सांगू तुम्हाला, आठव्या दिवशी ऑफिसातून येऊन बघतो तर आई मोडा टाकून त्या खुर्चीशेजारी बसलेली, दोघी मिळून मेथी निवडतायत, आई मराठीत बोलतेय, आंटी त्यांच्या होक्किन या चिनी बोलीत बोलतायत, आणि दोघी एकमेकींना हूं हूं करतायत. आंटी तिला संत्रं सोलून द्यायच्या. दोन वर्षं हे असं चाललं. काय बोलत होता गं, विचारलं तर आई म्हणायची, तिच्या सुनेबद्दल सांगत होती. तुला काय कळलं? तर म्हणे, सुनेबद्दलचं सगळं कळतं.

मग आई गेली. दिवाळीच्या आधी, झोपेतच. सगळं नीट झालं, पण दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. इथे कावळे आहेत, पण हवे तेव्हा नाहीत. मी दोन तास हात जोडून उभा, मनातल्या मनात आईला काय काय कबूल केलं, आणि शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला. शास्त्रात चालतं म्हणाले. चालत असेल, पण मला ते चाललं नाही. तिचं काय राहिलं, काय राहिलं, हे महिनोन्‌महिने डोक्यात.

तर त्या सुमाराला, म्हणजे जगात सगळीकडेच वातावरण तापलं होतं त्या वर्षांत, आमच्या लिफ्टमध्ये कुणीतरी मुसलमानांबद्दल घाण लिहून ठेवलं. आमच्या भागातला सार्जंट हमीद, मलय, तिशीतला, फार सज्जन पोरगा, त्याने स्वतः उभं राहून ते पुसून घेतलं. सरकारने तेव्हा पोलिसांसाठी एक अनुदान काढलं होतं, कुणाला धर्मावरून, वंशावरून त्रास दिला तर पोलिसांनी पोचल्यावर कसं वागायचं, काय विचारायचं, दुभाषा कधी बोलवायचा, याचं शिक्षण द्यायला. हमीदला ते आमच्या भागासाठी हवं होतं, अर्ज पोलिसांनी आणि रहिवाशांच्या कमिटीने मिळून करायचा, आणि कमिटीत फॉर्म भरणारा कोण? मी.

अकरा पानांचा फॉर्म. सगळं भरलं, एक रकाना राहिला. तुमच्या ब्लॉकमध्ये पोलिसांत नोंद झालेली घटना लिहा. लिफ्टची नोंदच नव्हती, पुसून टाकलं होतं ना. मोकळा रकाना! मला जेवण गोड लागेना.

आणि त्याच आठवड्यात सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी तीन संत्री, वाटीभर भात, जळक्या कागदांची राख आणि लाल मेणबत्तीचं थोटूक. मी मिरजेचा माणूस, पहिलं मनात काय येणार? करणी. आणि दुसरं काय आलं ते खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो: रकाना भरला.

बायको म्हणाली, अहो, आंटींना विचारा आधी, त्यांचा काहीतरी महिना चालू आहे. मी म्हटलं, हे पोलिसांचं काम आहे. आणि गेलो. नवा कॉन्स्टेबल होता, त्याने मुकाट्याने लिहून घेतलं, येऊन फोटो काढले, चार दारं वाजवली, आणि टिओ आंटी म्हणाल्या, हो, मीच ठेवलं. झालं. तक्रारीत त्यांचं नाव चढलं, मला कळायच्या आधी. मी इकडे रकान्यात मजकूर लिहून मोकळा.

दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये खुर्ची नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. आंटींचा मुलगा लिफ्टमध्ये भेटला, माझ्याकडे न बघता म्हणाला, आईने घर विकायला काढू या म्हटलंय, पोलिसांना घाबरली आहे. तीस वर्षं ती बाई त्या दारात बसत होती हो.

मी हमीदला गाठलं. त्याने फोटो बघितले आणि कपाळाला हात लावला. इथल्या सिंगापुरी हेलात म्हणाला, अंकल, आधी विचारायचं लाह, मग लिहायचं. आणि मला आणि बायकोला घेऊन आंटींच्या घरी आला. आंटींना बाजारापुरतं मलय येत होतं, त्यामुळे त्या हमीदला सांगणार, हमीद मला इंग्रजीत सांगणार. आंटी खाली मान घालून पुटपुटत होत्या. मी म्हटलं, काय म्हणतात? तर म्हणाला, त्या सांगतायत, या महिन्यात मेलेली माणसं जेवायला येतात. ज्याचं त्याचं घर ज्याला त्याला सापडतं. तुमची आई लांबून आलेली, तिची भाषा इथे कुणाला कळत नाही, ती वाट कुणाला विचारणार? म्हणून दारापाशी ठेवलं.

मी वाकलो आणि आंटींच्या पाया पडलो. त्यांना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी मागवलं.

तक्रार मी लेखी मागे घेतली. पण अर्जाचं काय? हमीद म्हणाला, तो मजकूर काढून टाका, नाही मिळालं अनुदान तर नाही. मी घरी येऊन खोडलं आणि बसलो त्या मोकळ्या रकान्याकडे बघत. मग सरळ खरं ते लिहिलं. तक्रारदार मी, चूक माझी, शेजारणीला मी विचारलं नाही, का ठेवलं ते कॉन्स्टेबलनेही विचारलं नाही, म्हातारीला फुकट त्रास झाला, म्हणून हे शिक्षण हवं. मिळालं अनुदान. खालच्या व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, वर्ग भरले आणि पहिल्याच वर्गात नमुना म्हणून मला उभं केलं. पण पुढे बस स्टॉपवर एका मलय बाईचा डोक्यावरचा रुमाल कुणीतरी ओढला, तेव्हा तोच नवा कॉन्स्टेबल इतक्या मायेने आणि इतक्या कडकपणे वागला की ती बाई आपण होऊन जबानी द्यायला उभी राहिली. तेवढं तरी माझ्या संत्र्यांनी केलं.

खुर्ची परत यायला पंधरा दिवस लागले. मीच रोज सकाळी आंटींच्या दारात मोडा टाकून बसायचो, ऑफिसला जायच्या आधी, मराठीत बोलत. सोळाव्या दिवशी दार उघडलं, खुर्ची बाहेर आली. आता आंटीही नाहीत. ती खुर्ची त्यांच्या मुलाने आम्हाला दिली, आणि दरवर्षी त्या महिन्यात मी त्यांच्या दारापाशी तीन संत्री ठेवतो, नव्या भाडेकरूंना आधी सांगून. सुखात असोत दोघी, सुनांबद्दल बोलत.

आणि हो, बायकोचं राहिलंच. त्या दिवशी आंटींकडून परत आलो, मी सोफ्यावर बसून रडत होतो, तिने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, अहो, दहा महिने कावळ्याची वाट बघितलीत, आणि शिवला त्या दिवशी पोलीस बोलावलेत.