दुधट डबे

सुरतेत, उधन्याच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघे उभे होते. एक प्लास्टिकच्या कारखान्यातले केमिस्ट, दुसरा तिथलाच मशिनवाला, योगराज.

"साहेब, तुम्ही नसता तर मी चोरच ठरलो असतो. डबे दुधट निघाले, तर शेठ म्हणाला, चांगला माल विकून भंगार मिसळलंस."

"आणि तू केलं होतंस काय?"

"मशिनची गरमी कमी केली होती. म्हटलं, लाइटबिल वाचेल."

"अरे, डबे पारदर्शक व्हावेत म्हणून आपण मालात पावडर घालतो ना, ती त्या गरमीतच विरघळते. खडीसाखर दोऱ्यावर धरते ना? तसंच हे. विरघळलेली पावडर थंड होताना आपणच बारीक दोऱ्यांचं जाळं विणते आणि प्लास्टिक त्यावर धरतं. दोरे अगणित, म्हणून खडे इतके बारीक की उजेड आरपार जातो."

"आणि विरघळलीच नाही तर?"

"मग जाळं नाही. खडे मोठे होतात, उजेड अडतो."

"तुम्ही त्याच मालातून काचेसारखे डबे काढून दाखवलेत, तेव्हा शेठला पटलं. हा घ्या, त्यातलाच एक. रिकामा डबा देऊ नये म्हणून आईने भरून दिलाय."

"मेथीचे लाडू! बाहेरूनच दिसतायत. पण असा हातात धरून आलास? पिशवी नव्हती?"

"होती. आईने घेऊ दिली नाही. आळ आल्यापासून ती नळावर बायकांत जात नव्हती. आज म्हणाली, 'हातमा धरीसन जाय. आख्खी गल्लीले दखू दे.'"