दोन्ही हातांनी बंद करायचं असतं!

…आणि वर मलाच विचारतो, ‘काका, एवढं काय झालं?’ एवढं काय झालं! अरे, माझ्या डोळ्यांदेखत माझ्या रिव्हॉल्व्हरची मान मुरगळलीस आणि मलाच विचारतोस? शिसारी आली मला, शिसारी! दुसरा शब्दच नाही. नाही नाही, तुम्ही असे दचकू नका, गोळीबिळी कोणाला लागलेली नाही. लागली असती तर निदान… जाऊ दे. नीट सांगतो.

तुम्हाला सांगतो, मला जुन्या रिव्हॉल्व्हरांचा नाद आहे. कोणाला तिकिटं जमवायचा असतो, कोणाला शेजाऱ्यांच्या भानगडी जमवायचा असतो, मला हा. बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट आहे, त्यात मखमलीवर मांडून ठेवलीयत. सगळी शोभेची, नळ्या बुजवलेली, त्यातून वाटाणासुद्धा सुटायचा नाही. फक्त एक चालतं. रीतसर परवाना आहे त्याचा, उगाच भुवया उंचावू नका. पोलादावरचा निळसर रंग अजून जसाच्या तसा, मुठीला अक्रोडाचं लाकूड… दर रविवारी जुनं बनियन फाडून त्याच्या चिंधीने मी त्याला तेल लावणार म्हणजे लावणार. आमची ही म्हणायची, ‘माझी कंबर धरली तेव्हा आठवलं का कधी तुम्हाला तेल?’ मी आपला पुसत राहायचो.

तर मुलीला मुलगा झाला. बाळंतपण तिकडेच, सासरच्या गावी. मी निघालो होतो, पण त्यांचं घर एवढंसं आणि त्यात तिच्या सासूबाई आधीच ठाण मांडून बसलेल्या. म्हटलं येईलच की माहेरी. तर फोन! ‘बाबा, ते चालतं पिस्तूल घरात आहे तोवर मी बाळाला घेऊन तिथे पाऊल टाकणार नाही.’ म्हटलं, ‘अगं, पिस्तूल नाही ते, रिव्हॉल्व्हर…’ ‘बाबा!!’ संपलं. तोवर मी माझा नातू फोनच्या पडद्यावरच पाहिलेला, तोही निम्मा वेळ तिचा अंगठाच दिसायचा. बरं, आमची ही कोणाच्या बाजूने? सांगायला पाहिजे? दोन दिवस माझ्यापुढे ताट नुसतं आदळत होती.

म्हटलं, विकून टाकू! नातवापुढे लोखंडाचं काय एवढं!

आता ही वस्तू काय रस्त्यावर उभं राहून विकता येते? हत्यारांच्या दुकानात ठेवायची, घेणाऱ्याकडे परवाना पाहिजे, कागद पाहिजेत, मग पुढचं. दुकानदार माझ्या ओळखीचा. मला म्हणाला, ‘साहेब, गिऱ्हाईक मी आणतो, फक्त तुम्ही इथे येऊन बसू नका.’ मी येऊन बसलो. माझी वस्तू कोणाच्या हातात पडतेय ते मला बघायला नको?

आणि बघितलं! बघितलं ते बघितलंच, पुन्हा कोणाला दाखवू नको रे देवा.

पहिला आला गाडीवाला. म्हणजे गाडी आधी आली, तिचा हॉर्न आला, मग अत्तर आलं आणि सगळ्यांच्या मागून तो. गळ्यात साखळी, मनगटात साखळी. रिव्हॉल्व्हर उचललं, आरशासमोर गेला, कमरेला लावलं, फोन काढला, गाल आत घेतले आणि काढला फोटो. मग मला, ‘काका, पांढऱ्या शर्टावर उठून दिसेल ना?’ पांढऱ्या शर्टावर! अहो, मी रिव्हॉल्व्हर विकतोय की पट्टा? तेही मी गिळलं. पण मग त्याने गोळ्यांचं चक्र बाहेर काढलं, गरगर फिरवलं, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि मनगटाला झटका देऊन… खाट्‌कन!

मी ओरडलोच! तुम्हाला कळलं नाही ना का ते? बरोबर आहे, तुम्ही सिनेमे बघता. सिनेमात सगळे असंच करतात, एका हाताने, झटका, खाट्‌कन. अरे बाबांनो, ते चक्र एका बारीकशा दांडीवर बाहेर येतं. असे झटके दिले की ती दांडी वाकते. केसभर वाकली तरी बास, चक्रातलं भोक आणि नळी समोरासमोर येत नाहीत, खेळ खलास. दोन्ही हातांनी बंद करायचं असतं! हळू! झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लोटावं तसं! हे मी त्याला सांगितलं तर म्हणतो, ‘पण मग मजा काय?’ शिसारी! चालता हो म्हटलं.

दुकानदार कपाळाला हात लावून बसला.

दुसरा दातांचा डॉक्टर. मृदू बोलणं, हात स्वच्छ, नखं कापलेली. मी मनात म्हटलं, सापडला! बारीक हत्यारं हाताळणारा माणूस, हा जपेल. त्याने रिव्हॉल्व्हर अलगद घेतलं, दिव्याखाली धरलं आणि नळीला डोळा लावून आत डोकावायला लागला. समोरून! दुसऱ्यांच्या तोंडात डोकावायची सवय हो! ‘आत थोडं किटण दिसतंय,’ म्हणाला. अरे, किटण बघतोस पण चक्रात गोळी आहे की नाही ते आधी बघशील? नव्हती, पण त्याला काय माहीत? आणि एवढं करून गृहस्थ थांबला का? छे. आजूबाजूला बघितलं, जरासा लाजला आणि… खाट्‌कन! शिकलेला माणूस हो! हसू नका, मला रडू येत होतं.

मग आले एक नवराबायको. बाई म्हणाल्या, ‘वापरलेलं आहे म्हणजे कोणी मेलंय का याच्यानं?’ म्हटलं, ‘नाही बाई, नेमबाजीच्या पुठ्ठ्यांशिवाय याने कोणाला इजा केलेली नाही.’ तर नवऱ्याचं तोंड उतरलं! ‘कोणीच नाही? एखादा जखमी तरी? नाही म्हणजे पाहुण्यांना दाखवताना काहीतरी सांगायला पाहिजे ना…’ ऐकताय ना? याला मढं पाहिजे होतं. दिवाणावर बसून पाहुण्यांना चहाबरोबर द्यायला मढं! जाताना त्यानेही, एका हाताने… सांगू का? नको. शिसारी येते.

दुकानदार म्हणाला, ‘साहेब, तुम्ही रिव्हॉल्व्हर विकताय की मुलगी देताय?’ म्हटलं, ‘मुलगी दिली तेव्हा इतकं बघितलं नव्हतं, म्हणून तर जावई हा असा मिळाला.’

तेवढ्यात मुलीचा फोन. ‘बाबा, उद्या आम्ही गाडी करून निघतोय. गेलं ना ते?’ तोंडातून निघून गेलं, ‘गेलं गं, केव्हाच गेलं!’ आणि मागे तो रडत होता हो. म्हणजे नातू. नुसतं कॅं कॅं… पण मला जे काही झालं! म्हटलं, आता आजच्या आज गेलंच पाहिजे. कोणाचे कागद तयार आहेत? दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, ‘एकाचेच.’

कोणाचे असणार? पांढरा शर्ट!

दिलं. परत बोलावला त्याला, सह्या केल्या, पैसे घेतले, दिलं. त्याचा हात धरून सांगितलं, ‘बाळा, एवढं ऐक. दोन्ही हातांनी.’ ‘हो काका.’ ‘हळू.’ ‘हो हो काका!’ दाराच्या बाहेर पाऊल पडलं नाही तोच खाट्‌कन! आणि या वेळी आवाज वेगळा आला. मला कळतो तो आवाज. दांडी गेली. मी धावत गेलो तर म्हणतो, ‘काका, एवढं काय झालं?’

रात्रभर मला त्याची शिसारी, त्या डॉक्टरची शिसारी आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त माझी. ज्या हातांनी तेल लावलं त्याच हातांनी त्या नगाच्या हवाली केलं.

दुसऱ्या दिवशी आले सगळे. मुलीने आत येऊन आधी कपाट पाहिलं. ‘आणि ही?’ म्हटलं, ‘अगं, ही मेलेली आहेत, नळ्या बुजवलेल्या.’ ‘बाळाला काय कळतं मेलेली? रांगायला लागला की कपाट ओढेल, काच अंगावर घेईल. पुढच्या वेळी आम्ही बाहेर हॉटेलात उतरू.’ मी तोंड उघडणार, वाद घालणार, आयुष्यभराचा संग्रह आहे म्हणणार… तेवढ्यात तिने त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. त्याने माझं बोट धरलं. घट्ट. सोडेचना हो! माझ्याकडे बघून एक जांभई दिली…

दुसऱ्या हाताने मीच दुकानदाराला फोन लावला. म्हटलं, ‘बाकीची पण काढायचीयत.’ तो घाबरला बिचारा. म्हणाला, ‘साहेब, आधीच सांगा, या वेळी गिऱ्हाईक कसं पाहिजे?’

म्हटलं, ‘कसलंही चालेल. फक्त हा रांगायच्या आत आण.’