पंग म्हणायचं असतं

अगं, मग म्हण ना पंग! तुझ्याकडे दोन लाल ठोकळे आहेत, इथून दिसताहेत मला — खेळायला बसलीस की असे उघडे धरू नकोस हां, आज शिकतेयस म्हणून चालेल — आणि मी तिसरा लाल टाकला की नाही मधे? मग? लाजतेस कसली! हे माहजाँग आहे, गप्प बसून पत्ते कुटणं नाही. तोंडाने पंग म्हणायचं, मोठ्याने, आणि उचलायचा. पुढच्या बाईने भिंतीतला ठोकळा उचलला की तुझा लाल गेला. तिथेच पडून राहील समोर, डाव संपेपर्यंत दिसेल तुला, पण हात लावता येणार नाही. बघ, तिच्या वतीने उचलला मी. खलास.

चल, पुन्हा. दोन्ही हातांनी घोळ, आवाज होऊ दे — मिसेस लामना हा आवाज फार आवडतो, चिमण्या भांडतात म्हणतात. त्यांनीच शिकवलं मला. हाँगकाँगच्या त्या, नवरा इथे आखातात बँकेत. कमरेचं हाड मोडून सहा आठवडे माझ्या वॉर्डात होत्या. हं, आता भिंत रच. आपापल्या पुढ्यात एकेक, अठरा लांब, वर आणखी एक थर. तेरा ठोकळे हातात घ्यायचे, मग एक उचल, एक टाक — एक उचल, एक टाक. तिना-तिनाचे चार संच आणि एक जोडी जमली की जिंकलीस. संच म्हणजे तिन्ही सारखे, नाहीतर ओळीने, तीन-चार-पाच असे. ओळ लावायला फक्त डावीकडच्या बाईने टाकलेला मागता येतो, सारख्यांसाठी मात्र कुणाचाही. आणि माणसं चार हवीत, म्हणून तर तुला धरून आणलं. आमची चौथी गेली केरळला कायमची. टेसी आणि मिसेस लाम दीडला येतील.

दीडलाच का म्हणजे? आपल्या दोघींचा नि टेसीचा ऑफ जुळला आज — आणि दीड ते तीन मला रिकामं बसायचं नाहीये. भाचीचं लग्न आहे माझ्या, गावी नंदाखालला. चर्चमध्ये चारची मिस्सा, तिथले चार म्हणजे आपले इथले दीड. नाही गं, लिव्ह नाही मिळाली. हॉस्पिटलचं तुला काय सांगायचं. टाक, तुझी पाळी.

काल टेसीला काय सांगत होतीस तू? कँटीनमध्ये, हसत हसत? तुझं बाळ फोनवर तुझ्या नणंदेला आई म्हणालं, असंच ना? मग तू काय म्हणालीस? — नुसती हसलीस? चौदा महिन्यांचं आहे, त्याला काय कळतं, हो ना? असंच वाटतं. माझी अकरा महिन्यांची होती.

हो, माझी. भाची कसली — सॅन्ड्रा, माझी मुलगी. नवरा गेला, मी इथे आले, पोर थोरल्या बहिणीकडे ठेवली. तिला मूलबाळ नव्हतं, तिने जीव लावला, मी तिला नावं ठेवणार नाही. दोन वर्षांनी पहिल्या लिव्हला गेले, तर ही बहिणीच्या मागे दडून विचारते — मम्मी, ही आंटी कोण? बहीण माझ्याकडे बघत राहिली. थांबली होती गं ती! मी बोलेन म्हणून थांबली होती, चांगली थांबली होती. आणि मी काय केलं? बॅग उघडली, चॉकलेटं काढली. म्हटलं, आता कशाला, पोर रडेल, पुढच्या लिव्हला सांगू. पुढच्या लिव्हला ती शाळेत जात होती आणि शाळेच्या फॉर्मवर बहिणीचं नाव होतं. मग चर्चमधलं पहिलं कम्युनियन झालं, मग दहावी झाली — मी दर वेळी चॉकलेटं घेऊन आपली आंटी.

आणि लिव्ह मिळालीये मला. कागद त्या कपाटात आहे. पण निघायच्या आधी पत्रिका आली. आत ‘आमची कन्या’, खाली बहीण आणि भावजी, आणि बहिणीची चिठ्ठी — ये, मावशीचा मान तुझाच. ते मी गिळलं असतं, खरंच गिळलं असतं. पण लग्नाआधी बाप्तिस्म्याचा दाखला काढावा लागतो ना आपल्यात, आणि त्यावर आई म्हणून माझंच नाव आहे. म्हणजे सॅन्ड्राने ते वाचलंय. वाचलंय, आणि तरी पाकिटावर तिच्या अक्षरात काय लिहिलंय, बघायचंय? ‘आल्बिना आंटी.’ तिच्यावर कसली रागावू मी? मी कधी बोलले होते?

रडू नकोस, तू कशाला रडतेस. ठेव ते ठोकळे, ऊठ. खाली कोल्ड स्टोअरच्या दुकानाच्या बाजूला फोनचा बूथ आहे, हे कार्ड घे — अगं नवीन आहे, सॅन्ड्राला फोन करायला आजच्यासाठीच घेतलं होतं, मला नाही लागणार. नणंदेला सांग, बाळाच्या कानाला रिसीव्हर लाव, आणि त्याला सांग मी तुझी आई म्हणून. कळू दे, न कळू दे. मोठ्याने सांग. आणि पुढच्या फोनला पुन्हा सांग, नणंदेला काय वाटायचं ते वाटो. — खेळाचं राहू दे. त्या दोघी आल्या की सांगेन, आज चौथी नाही, जा घरी. मी? मी बसते. एक वीस झालेत, जा ना गं. आणि जाताना दार ओढून घे.