मागचा उजवा दिवा

(तालुक्याच्या कोर्टाचा व्हरांडा, सकाळचे अकरा. म्हातारा इरप्पा कुरी आणि त्याला ‘मावा’ म्हणजे सासरे म्हणून हाक मारणारी त्याची सून शिवलीला बाकावर बसून पुकाऱ्याची वाट बघताहेत.)

शिवलीला : मावा, अजून वेळ गेलेली नाही. त्या खिडकीवर पाचशे रुपये भरले की पावती देतात आणि विषय संपतो. तो निळ्या शर्टातला आत्ताच भरून गेला.

इरप्पा : त्याचा दिवा बंद असेल म्हणून भरले त्यानं. माझा नव्हता. आता मध्ये बोलू नको, मी साहेबांपुढं बोलतो तसं बोलून बघतो. कुठं अडखळलो तर सांग.

शिवलीला : काल रात्री चार वेळा बोलून झालंय.

इरप्पा : पाचव्यांदा ऐक. “साहेब, मी इरप्पा बसप्पा कुरी. राहणार रोण. बस स्टँडच्या मागं माझं दुकान आहे, एक्केचाळीस वर्षं गाड्यांचे दिवे आणि वायरिंग करतो. तीनचाकी टेम्पो माझ्या नावावर आहे, म्हणून नोटीस मला आली. चालवायचा माझा मुलगा फकीरेश. दसऱ्याला चार दिवस होते. कांद्याची पोती घेऊन तो हुबळीला निघाला होता. पावणेसातला अण्णिगेरीच्या अलीकडं पोलिसांनी अडवला आणि मागचा उजवा दिवा बंद आहे म्हणून दंड लिहिला. साहेब, तो दिवा त्याच दिवशी सकाळी मी या हातानं जोडलाय. लावून बघितलाय. बारा तासांत तो बंद कसा पडेल?” जमतंय?

शिवलीला : जमतंय. पुढचं नका सांगू.

इरप्पा : पुढचंच तर सांगायचंय! पाऊण तासानं ट्रकनं मागून धडक दिली. ट्रकवाला म्हणतो, मला एकच दिवा दिसला, वाटलं कडेनं मोटारसायकल चाललीय, म्हणून तसाच पुढं आलो. त्याच्या वकिलाच्या हातात हा दंडाचा कागद आहे. आपण पाचशे भरले म्हणजे काय झालं? दिवा बंद होता हे आपणच लिहून दिलं. मग ट्रकवाला सुटला आणि माझं पोरगं स्वतःच्या चुकीनं मेलं!

शिवलीला : कोण म्हणतंय तसं?

इरप्पा : सगळं गाव. परवा दाढी करायला गेलो तर आत दोघं बोलत होते. मला बघून गप्प झाले, पण जे ऐकायचं ते मी ऐकलं होतं. “दिव्याच्या मिस्त्रीचा पोरगा, आणि दिव्यावाचून गेला.” दाढी न करताच मागं फिरलो मी.

शिवलीला : मला का नाही सांगितलंत?

इरप्पा : तुला सांगून काय? तू तर पहिल्या दिवसापासून एकच धरून बसलीस, भरा आणि मोकळे व्हा. नवरा तुझा. नाव त्याचं खराब होतंय. तुला काहीच वाटत नाही, याचं मला नवल वाटतं, पोरी. लोकांच्या बायका अशा वेळी कंबर कसून उभ्या राहतात.

शिवलीला : तुम्हाला जे बोलायचं ते बोला. मी उत्तर देणार नाही.

इरप्पा : साक्षीला तरी उभी राहशील ना? सकाळी दिवा लागला तेव्हा तू चहा घेऊन आली होतीस. बघितलास ना पेटलेला?

शिवलीला : बघितला. सकाळी बघितला.

इरप्पा : मग तेवढंच सांग. दुसरं काही सांगू नकोस.

शिवलीला : मावा, ते बघा, जमादार येताहेत. त्यांनीच लिहिला होता ना दंड?

इरप्पा : येऊ दे. आज तोंड बघतोच त्याचं.

इमामसाब : नमस्कार, मिस्त्री. नमस्कार, बाई. मी इमामसाब. त्या दिवशी चौकीवर मीच होतो. मला समन्स आहे म्हणून आलो, पण समन्स नसतं तरी आलो असतो. बसू का इथं?

इरप्पा : बाक सरकारचा आहे. बसा.

इमामसाब : साहेब आत गेलेत. तुमच्या आधी आठ-दहा नावं आहेत. त्याआधी मला दोन शब्द बोलायचेत. मिस्त्री, आत गेल्यावर तुम्ही काही बोलू नका. मीच सांगणार आहे, की साहेब, अंधार पडत होता, रस्त्यावर धूळ होती, माझ्या बघण्यात चूक झाली असेल. दंड रद्द होईल. झालं.

इरप्पा : ऐकलंस? शिवलीला, ऐकलंस का? मी काय म्हणत होतो तीन महिने! अहो जमादार, हे तुम्ही त्याच दिवशी म्हणाला असतात तर... जाऊ दे. आलात, कबूल केलंत, मोठं मन आहे तुमचं.

शिवलीला : मावा...

इरप्पा : थांब जरा. जमादार, म्हणजे धुळीमुळं दिसला नाही तुम्हाला दिवा. होता पेटलेला, पण दिसला नाही. असंच ना?

इमामसाब : तसं सांगतो मी.

इरप्पा : सांगाल ते ठीक. झालं काय, ते विचारतोय.

इमामसाब : मिस्त्री, रद्द होतोय ना दंड? मग राहू द्या की.

इरप्पा : तुम्ही माझ्याकडं बघत का नाही?

इमामसाब : काय बघू? तुमचा मुलगा अगदी तुमच्यासारखा दिसायचा.

इरप्पा : त्यानं उतरून काय केलं? शेवटचं बोलणं तुमच्याशीच झालंय त्याचं. मला त्यातलं अक्षर न् अक्षर पाहिजे.

इमामसाब : हसतच उतरला. म्हणाला, “बंद कसा असेल जमादार, अप्पांनी सकाळीच केलाय.” मागं आला, बघितलं. मग दिव्याच्या शेजारी पत्र्यावर हातानं थाप मारली, आणि दिवा लागला. म्हणाला, “बघा, आमच्या अप्पांचा दिवा आहे, माझ्यासारखाच. एक ठेवून दिली की सरळ होतो.” मलाही हसू आलं.

इरप्पा : लागला ना! मग दंड कसला?

इमामसाब : तो गाडीत बसून निघाला तर परत विझला. मी शिट्टी मारली. पुन्हा उतरला, पुन्हा थाप मारली, पुन्हा लागला. तिसऱ्यांदा मी लिहिलं.

इरप्पा : थाप कुठं मारली? काचेवर की पत्र्यावर?

इमामसाब : पत्र्यावर. खालच्या बाजूला.

इरप्पा : लागला तेव्हा पुरा लागला, की मंद?

इमामसाब : मिस्त्री, कशाला...

इरप्पा : मंद का?

इमामसाब : मंदच म्हणा. आणि शेजारचा वळायचा पिवळा दिवासुद्धा आपोआप मिणमिणत होता. मला वाटलं, चुकून बटण राहिलं असेल.

इरप्पा : बटण नाही.

शिवलीला : मावा, पाणी घ्या. आणलंय मी.

इरप्पा : बटण नाही ते. अर्थिंग. बल्ब चांगला, वायर चांगली, पण अर्थिंगचा स्क्रू पत्र्याला नीट भिडलेला नाही. मग वीज दुसरीकडून वाट काढते आणि शेजारचा दिवा मिणमिणतो. पोराटोरांना पहिल्या महिन्यात शिकवतो मी हे. स्क्रू बसवायच्या आधी पत्र्यावरचा रंग खरवडून काढायचा, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत.

इमामसाब : खडबडीत रस्ता आहे, मिस्त्री. हादऱ्यानं सैल झाला असेल.

इरप्पा : मी खरवडला होता. मला वाटलं, खरवडला. लोखंड आणि राखाडी रंग, मला... त्या दिवशी ढगही होते. मी बोट फिरवून बघितलं आणि स्क्रू आवळला.

शिवलीला : पुरे झालं, मावा.

इरप्पा : तू दचकली नाहीस.

शिवलीला : काय?

इरप्पा : जमादार एवढं सांगत होते, मी ऐकून गार पडलो, आणि तू पाण्याची बाटली काढलीस. तुला माहीत होतं.

शिवलीला : आता पुकारा होईल, मावा.

इरप्पा : शिवलीला.

शिवलीला : दुपारी जेवायला आले तेव्हाच बंद पडला होता. अंगणात गाडी लावल्यावर त्यांनी दिवे लावून बघितले, तेव्हा मीही बघितलं. म्हटलं, अप्पा घरातच आहेत, दोन मिनिटांत करून देतील. तर तोंडावर बोट ठेवलं त्यांनी. म्हणाले, सांगू नको.

इरप्पा : का?

शिवलीला : नका विचारू.

इरप्पा : माझ्या पोराचं बोलणं आहे. दे मला ते.

शिवलीला : म्हणाले, “अप्पांना आता बारीक दिसत नाही. गेल्या महिन्यात तीन ट्रॅक्टरवाले तक्रार घेऊन परत आले, अप्पा जेवायला घरी गेले की मी त्यांचं काम उकलून पुन्हा करतो. हा दिवा गेला कळलं तर ते उद्यापासून दुकान उघडणार नाहीत. आणि दुकान सुटलं तर अप्पा वर्षभर काढणार नाहीत.” इथं उकलला तर अप्पांना कळेल, हुबळीला पोचल्यावर मंडईजवळ ओळखीच्या पोराकडून जोडून घेतो, म्हणाले. मी एकदाच म्हटलं, अंधार पडेल तोवर. तव्यावर भाकरी करपत होती, मी आत पळाले. दुसऱ्यांदा म्हणायचं राहून गेलं.

इरप्पा : आणि माझ्या समोर बसून जेवला तो. मुगाची उसळ होती. मी विचारलं, काय रे, दिवा कसा आहे? तर म्हणाला, “झकास, अप्पा. लांबून दिसतो.”

शिवलीला : हो.

इरप्पा : मला बरं वाटलं होतं तेव्हा. एक भाकरी जास्त खाल्ली मी.

इमामसाब : मिस्त्री, ऐका. या दोषात तुमच्या आधी माझं नाव येतं. असा दिवा असला तर दुरुस्त होईपर्यंत गाडी पुढं सोडायची नाही, असा नियम आहे. चौकीपासून अर्ध्या फर्लांगावर मिस्त्री बसतो. तुमचा मुलगा म्हणाला, आठपर्यंत माल नाही उतरवला तर रात्र वाया जाईल, घरी लहान मुलगी वाट बघते. मला तीन मुली आहेत. दया आली, म्हणून सोडला मी त्याला. कडक राहिलो असतो तर शिव्या दिल्या असत्या त्यानं मला, आणि आज तुमच्या शेजारी इथं तो बसला असता. तेव्हापासून मी कुणाला सोडत नाही. लोक म्हणतात, इमामसाब म्हातारपणी खवट झाला.

इरप्पा : तुम्ही जे दिसलं ते लिहिलंत.

इमामसाब : लिहिलं आणि सोडलं. म्हणून म्हणतो, मला आज चूक कबूल करू द्या. माझ्या नोकरीचे चौदा महिने उरलेत, कुणी माझं काही करत नाही. तुमच्या मुलाचं नाव स्वच्छ राहील.

इरप्पा : नाही, जमादार. आमच्या घरात त्या दिव्यापायी एक खोटं बोलून झालं. ते प्रेमानं बोलला तो. पण दुसरं नको. शिवलीला, पण हे फक्त माझं नाही. मी कबूल केलं की ट्रकवाल्याचा वकील ते धरणार. तुझ्या नुकसानभरपाईच्या केसला फटका बसेल, पोरीला मिळायचं ते कमी होईल. तू नको म्हणालीस तर मी तोंड शिवून बसतो.

शिवलीला : मी शिवणकाम करते, मावा. पोरीचं बघू आपण. मला दुसरंच जड जात होतं. रोज सकाळी तुमच्यापुढं चहा ठेवायचा आणि तुम्ही म्हणायचं, माझा दिवा बंद नव्हता. रोज वाटायचं, आज सांगावं. आणि रोज ते तोंडावर बोट ठेवून उभे असायचे.

इरप्पा : मघाशी मी तुला नको ते बोललो.

शिवलीला : तीन महिने बोलताय. बोलत होतात म्हणून तर जेवत होतात.

इमामसाब : मिस्त्री, पुकारा झाला. तुमचंच नाव.

इरप्पा : आत काय म्हणायचं असतं?

इमामसाब : साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का. “आहे” म्हणायचं. दंड सांगतात, सही घेतात. दुसरं काही विचारत नाहीत.

इरप्पा : दिवा कुणी जोडला होता, ते?

इमामसाब : नाही. ते नाही विचारत.

इरप्पा : मग मीच सांगेन.

शिवलीला : हात द्या, मावा. दारात दोन पायऱ्या आहेत.

इरप्पा : धर. मला दिसत नाहीत.