तीन खेपा "नाई जी"

—नाई जी, खुर्ची नोको, मी उभीच बरी. बाहीरच्या पोरीनं सांगतलं का डाक्टर साहेब पाचच मिनिटं देतीन, म्हणून पयले नाव सांगते — मी सखाबाई, आंधळगावची, धनराजची माय. धनराज, जी! कारखान्यात माल उचलाची गाडी चालवे तो. मांगच्या महिन्यात सगळ्याइची लघवी तपासली, त्याच्यात अफूचं निघालं म्हणून तुमी ज्याच्या कागदावर शिक्का मारला, तो. पाहा, ही बाटली. खोकल्याची हाय. हा मोहाडीच्या डाक्टरचा कागद, हा छातीचा फोटो — साफ हाय, टीबी-गिबी काईच नाई. मेडिकलवाला म्हणे, मावशी, अफूच्या जातीची दवाई याच बाटलीत हाय. मंग माहा पोरगा नशेडी कसा झाला जी? त्याचा बाप दिवसभर तलावात मासोऱ्या पकडते, आंग मोडून येते पण दारूले हात नाई लावत, अना त्याच्या पोराले गावातले पोट्टे नशेडी म्हणून चिडवू लागले! शिक्का माराच्या आंदी इचाराव नाई लागत का?

इचारलं होतं. हो. मले मालूम हाय, इचारलं होतं. कारखान्याले कळवाच्या आंदी तुमी स्वतः फोन लावला, कोणती दवाई चालू हाय का म्हणून. नाई, तुमचं चुकलं असं नाई म्हणत मी — पण पोरानं काहून नाई सांगतलं?

त्या दिवशी घरी पाव्हणे होते जी. माह्या पोरीले, खुशीले पाहाले आंबागडचे लोक आले होते, पोहे झाले होते, चहा व्हाचा होता. अना धनराजले मी मांगच्या खोलीत कोंडून — कोंडून म्हणजे, बस म्हटलं तिथंच, खोकू नोको. आमच्याकडं घरात कोणी खोकलं ना, का पाव्हणे पाणी पिऊनच उठतात, टीबीचं घर म्हणतात. तेवढ्यात तुमचा फोन. खोलीत टावर लागत नाई, म्हणून तो ओसरीच्या दारात आला. "दवाई जी?" — असं मोठ्यानं म्हटलं त्यानं, अना पाव्हण्याइच्या माना वळल्या. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी नाई म्हणून मान हालवली. "नाई जी," म्हणे. तुमी तीन खेपा इचारलं, तिन्ही खेपा त्यानं माह्याकडं पाह्यलं. तिसऱ्या खेपेले मी डोये वटारले.

मले काय मालूम जी, कोणाचा फोन हाय तो? — नाई, मालूम होतं. फोन वाजला तवाच तो म्हणला होता, माय, कारखान्याचे डाक्टर. मले वाटलं, बरंच हाय, बिमार म्हणून कळलं तं कामावरून काढतीन. मी स्वतःले हुशार समजली जी! सांगतलं असतं तं काय होतं? आठ दिवस गाडी चालवू नोको म्हटलं असतं तुमी, तेवढंच ना? — अना पाव्हणे? पाव्हण्याइचा चार दिवसानं निरोप आला, पोरीचा भाऊ नशा करते, आमाले नाई जमत. घ्या! ज्याच्यापायी केलं ते बी गेलं.

धनराज माह्याशी भांडला असता, ताट फेकलं असतं, तं बरं वाटलं असतं मले. कपड्याची थैली घेतली अना चालला गेला, अठरा दिवस झाले. खुशी माह्याशी बोलत नाई. त्या खोकल्याची मले लाज वाटे जी, अना आता घरात कोणी खोकत नाई तं माहे कान दारालेच लागून राह्यतात.

काय म्हणता? कागद चालतात, पण त्यानं स्वतः बोलाव लागते? माह्या सांगण्यानं नाई होत? — मंग तो बोलला तं बदलते? कारखान्याले दुसरा कागद जाते? खरं सांगता ना जी? मंग लावा ना फोन! माहा नंबर नाई उचलत तो, तुमचा उचलन. घंटी जाऊन राहिली का?... उचलला? आवाज कसा हाय त्याचा, खोकते का अजून — नाई नाई, मले नोका देऊ. मी आली म्हणून सांगू बी नोका, हात जोडते. मी बाहीर जाते. मी इथं हाव कळलं, तं तो पुन्हा "नाई जी"च म्हणन.