हौदावरचं शेवाळ

“आबा, तुमचे दात हिरवे कशानं झाले?”

शिरूरहून निमोण्याला जाणाऱ्या एसटीत मैत्रिणींनी पैज लावली, आणि मी काय भिते! पुढच्या सीटवरच्या आबांना विचारलंच. उत्तर मात्र शेजारच्या आजींनी दिलं.

“शेवाळ खात्यात! म्हशींच्या हौदावरचं!”

“शुगरला चांगलं असतंय ते.”

“आन् गोळ्या? चार दिस डबीत तशाच हायेत. आज शुगर बघून डॉक्टरनं माझ्यावरच डोळं वटारलं.”

“अगं, शेवाळातला चिकटपणा म्हंजी आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाद्य. त्यानं शुगर ताब्यात ऱ्हाती.”

“आता जंतूंचंबी लाड करू व्हय मी?”

“खोटं न्हाई! हायस्कुलाच्या भित्तिपत्रकात हाय. आपल्या नातीनं, मोनिकानं वाचून दाखवलं.”

मैत्रिणी फिदीफिदी हसत होत्या. मला हसू येईना.

“आबा, ते समुद्रातलं शेवाळ. हौदातलं नाही. आणि गोळ्या सोडू नका.”

“मग तसं लिवायचं की! लिवणाऱ्याला काय धाड भरली व्हती?”

घरी पोचल्या पोचल्या मी सांगून टाकलं, “आई, पप्पा, भित्तिपत्रकातला ‘समुद्री’ शब्द मी गाळला, ओळीत बसत नव्हता म्हणून. उद्या परिपाठाला सगळ्या शाळेसमोर मी माझं नाव घेऊन हे सांगणार आहे.”