साडू आणि मी, एकाच टेबलावर

अहो, पण त्याच्याशेजारी? मला? अख्ख्या गोतावळ्यातून नेमकं त्याच्याशेजारी?... नाही, तुम्हीच सांगा! सासूबाईंच्या वाढदिवसाचं जेवण, हॉल घेतलेला, टेबलं मांडलेली, आणि कोणी कुठं बसायचं हे ठरवलं कोणी? माझ्या मुलीनं लिहिलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं! तिनं आधी सगळ्या नातेवाइकांना प्रश्न धाडले, काय आवडतं, कशाचा राग येतो, पंखा किती जोरात हवा... म्हटलं, असेल काही गंमत, मी आपली खरी उत्तरं दिली! तुम्हाला सांगतो, खरं बोलूच नये! त्या प्रोग्रॅमनं सारख्या माणसांचे गट पाडले आणि मला टाकलं कुणासोबत? साडूसोबत! मेहुणीचा नवरा! तोंड उघडलं की तक्रार, ज्याला मी वर्षानुवर्षं टाळत आलोय, तो आणि मी... सारखे?

हादरलोच मी! म्हटलं, "काहीतरी चूक आहे!" तर मुलगी शांतपणे, "बाबा, साधे प्रोग्रॅम बरीशी मांडणी सापडली की थांबतात. माझा एकेक शक्यता तपासतो, नाहीतर ती हातातल्या मांडणीहून सरस ठरूच शकत नाही हे दाखवून बाद करतो. याहून चांगली मांडणी शक्यच नाही. सिद्ध झालंय!" सिद्ध! म्हटलं, मला मामांजवळ बसव. तर मामांजवळची आत्या जाणार काकांजवळ, आणि त्या दोघांचं बोलणं बंद! म्हणजे... याहून चांगली मांडणी शक्यच नाही! फोटोच्या रांगेची यादीही प्रोग्रॅमनंच काढलेली, सारखा सारख्याजवळ, तिथंही आम्ही खांद्याला खांदा! बायकोकडं पाहिलं, तर ती, "अहो, मला लग्नापासून माहितेय, त्याला कॉम्प्युटर कशाला हवा?"

मग काय, सगळ्यांच्या आधी गुपचूप हॉलवर गेलो. म्हटलं, आपल्या नावाची चिठ्ठी उचलायची, बायकोच्या टेबलावर ठेवायची, काम फत्ते! दार ढकललं... आणि पाहतो तर साडू! हातात स्वतःच्या नावाची चिठ्ठी! तो दचकला, मी दचकलो, आणि दोघं एकदम ओरडलो, "काहीतरी चूक आहे!"... एका सुरात हो!

शेवटी जेवायला बसलो, ठरल्या जागीच, शेजारी शेजारी. पंखा कमी करा म्हणून दोघांनी एकदम हात वर केला. सूप गार म्हणून दोघांनी परत पाठवलं. मग तो हॉलवाल्याला नावं ठेवायला लागला, मी आचाऱ्याला... आणि लाज वाटते सांगायला, पण इतकं पोटभर मी कुणाशी बोललोच नव्हतो! निघताना मुलगी म्हणते, "काय बाबा, सापडली का चूक?" याहून चांगली मांडणी... जाऊ द्या. रविवारी तो घरी येतोय. बऱ्याच तक्रारी राहिल्यात आमच्या.